हिंमत महाग का पडते?

नागपूरच्या माणसाला वाघाची भीती वाटत नाही. दिवाळीच्या सुट्या लागल्या की तो पोरंबाळं घेऊन पेंचला नाहीतर उमरेड-कऱ्हांडल्याला जातो, उघड्या जिप्सीत बसतो आणि वीस-पंचवीस फुटांवर वाघीण दिसली की निवांत तिचा व्हिडिओ घेतो. घरी आल्यावर तो व्हिडिओ शंभर जणांकडे पोचतो. याच माणसाला सांगा, की तुमच्या लेआउटमध्ये रात्री साडेअकराला डीजे वाजतोय, जरा जाऊन बंद करायला सांगता का? तो खिडकी लावून घेईल, कानात कापसाचे बोळे घालेल आणि बायकोला म्हणेल, "कायले भानगडीत पडायचं?"

हा माणूस मीच आहे, म्हणून इतक्या खात्रीने लिहितोय.

आईची बायपास झाली होती. तिला घरी आणून आठवडाही झाला नव्हता. आमच्यापासून चौथ्या घरी लग्न होतं, हळदीच्या रात्री रस्त्यातच मांडव पडला आणि अंधार झाल्याबरोबर डीजे सुरू झाला. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आई डोळे मिटून पडली होती, पण एक हात टाक्यांवर दाबून धरलेला. मी दोनदा चपला घातल्या, दोनदा गेटपर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. दुसऱ्यांदा परत आलो तेव्हा आईच म्हणाली, "जाऊ दे नं रे. कोणाच्या तोंडी लागतं? दार लाव अन् झोप."

नंतर पुष्कळ दिवस मी स्वतःला विचारत होतो, की नेमकी भीती कशाची होती? मार खाण्याची नव्हती. त्यातली निम्मी पोरं मी चड्डीत असल्यापासून पाहिलेली. कायद्याचीही नव्हती, कारण कायदा सगळा माझ्याच बाजूने होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी असते, कोणाच्या घरच्या हळदीसाठी नाही. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. एवढं सगळं मला पाठ होतं. पोलिसांचा ११२ नंबरही पाठ होता. भीती होती ती दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या दुकानात नवरीच्या काकांशी नजरानजर होण्याची. पुढची वीस वर्षं त्याच रस्त्यावर राहायचं, गाडी लावायला, पाण्याच्या टँकरला, आईला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला हीच माणसं लागणार. कायदा माझ्या बाजूने होता हे खरं, पण गेटच्या बाहेर तो माझ्याबरोबर आला नसता.

भीतीविषयी आपल्याकडे जे बोललं जातं त्यात ही गोष्ट कुठेच येत नाही. शहरात व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांचे फलक लागतात, त्यावर मूठ वर केलेला माणूस असतो आणि मागे सूर्य उगवत असतो. भीती तुमच्या आत आहे, ती काढून टाका, असा त्यांचा एकूण सूर. मला हे निदान अर्धवट वाटतं. आपल्या माणसांकडे हिमतीचा तुटवडा नाही. हिंमत महाग आहे. आणि महाग वस्तू लोक घेत नाहीत म्हणून त्यांना कंजूष ठरवण्यापेक्षा तिचा भाव इतका का चढला हे विचारलं पाहिजे.

माझी भाची मिहानमधल्या एका कंपनीत काम करते. शिफ्ट कधीकधी रात्री संपते. घरी यायच्या रस्त्यात एक अंडरपास लागतो. एकदा जेवताना मी मामा या नात्याने तिला उपदेश सुरू केला, की घाबरायचं नाही, नजर खाली घालायची नाही, वगैरे. तिने पोळीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाली, "मामा, मला हिंमत नका शिकवू. त्या पुलाखालचे लाइट लावायला सांगा कोणाला तरी." मी गप्प बसलो. रात्री त्या पुलाखालून येणाऱ्या मुलीला मी, गेटपर्यंत दोनदा जाऊन परत आलेला माणूस, धैर्य शिकवत होतो!

दिवा लागला की त्याच मुलीची तीच हिंमत पुरेशी होते. दिवा नसला तर तिला दुप्पट लागते. ही दुप्पट हिंमत आपण पोरींकडून, म्हाताऱ्यांकडून, तक्रार करणाऱ्यांकडून, साक्षीदारांकडून रोज वसूल करतो आणि ती कमी पडली की त्यांनाच भित्रे म्हणतो.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण घ्या. ती भित्र्या माणसाने केलेली नाही, हिशेबी माणसाने केलेली आहे. तारखा, वकिलाची फी, बुडालेला रोज, पोलीस ठाण्यातल्या बाकावर गेलेली दुपार, हे सगळं जमाखर्चात मांडून कोणीतरी खाली बेरीज लिहिली, ती ही म्हण. तिच्यात पिढ्यांचा अनुभव आहे. पण हीच बेरीज रस्त्यावर माणसं मारते. वर्धा रोडवर किंवा रिंग रोडवर अपघात झाला की गर्दी होते, आणि जखमी माणूस तसाच पडून राहतो. उचलणारा उचलत नाही, कारण त्याला वाटतं की उद्या पोलीस मलाच विचारतील, दवाखाना माझ्याकडेच पैसे मागेल.

खरं तर ही किंमत कागदावर कमी झालेली आहे. मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बंधनकारक केलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ए आलं. जखमीला नेऊन सोडणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, त्याला जबरदस्तीने साक्षीदार करता येत नाही, दवाखान्याला त्याला अडवून ठेवता येत नाही. हे हक्क दवाखान्याच्या दारात, लोकांना वाचता येतील अशा भाषेत लावावेत असंही नियमात आहे. मी मुद्दाम तीन ठिकाणी जाऊन पाहिलं. एका ठिकाणी ती पाटी सापडली, शोभेच्या कुंडीमागे. सरकारने भाव उतरवला, पण दुकानदाराने नवी किंमत लिहिलीच नाही, असा हा प्रकार. मग गिऱ्हाईक जुन्याच भावाला घाबरून पुढे जातं.

गर्दीचं आणखी एक गणित आहे. १९६८ मध्ये लाताने आणि डार्ली या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत माणसाला कागद भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. खोलीत एकटा असलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण सोबत दोन माणसं काहीच न घडल्यासारखी बसून राहिली, की सांगणारे १० टक्क्यांवर आले. धूर तेवढाच होता, डोळे तेवढेच चुरचुरत होते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होता, आणि दुसऱ्याचा चेहरा शांत होता.

आमच्या गल्लीत त्या रात्री चाळीस घरं होती. चाळीस खिडक्या लागलेल्या. प्रत्येकाला वाटलं असणार, की बाकीच्यांना चालतंय तर मीच कशाला?

म्हणून अपघाताच्या जागी "कोणीतरी फोन करा" असं ओरडून उपयोग होत नाही. हे मला मेडिकल चौकातल्या एका चहावाल्याने शिकवलं, त्याने अर्थातच तो प्रयोग वाचलेला नव्हता. एक स्कूटर घसरली, बाई पडली, आम्ही दहा-बारा जण उभे. तो गाडा सोडून आला आणि बोट दाखवून म्हणाला, "ओ निळे शर्ट, तुम्ही १०८ लावा. भाऊ, तुम्ही ट्रॅफिक थांबवा." निळा शर्ट माझा होता. मी फोन लावला. मी काही त्या क्षणी शूर झालो नाही. माझं नाव निघालं, एवढंच. दहा जणांत वाटली गेलेली जबाबदारी त्याने उचलून एकट्या माझ्या हातात दिली, आणि गंमत म्हणजे ती हलकी वाटली.

आता कोणी म्हणेल, की तुम्ही सगळा दोष दिव्यांवर, पाट्यांवर आणि गर्दीवर टाकताय, माणसाने स्वतः काही करायचं की नाही? करायचंच. पण ते काय करायचं, याबद्दलही आपल्या डोक्यात चुकीचं चित्र आहे. बाबा आमट्यांची गोष्ट आपण कशी सांगतो पाहा. हिंगणघाटच्या जमीनदाराचा मुलगा, नागपुरात वकिली शिकला, शिकारी करायचा. रेल्वेत गोऱ्या सोजिरांशी भिडला म्हणून गांधीजींनी त्याला 'अभय साधक' म्हटलं. असा माणूस वरोऱ्यात मैला वाहण्याचं काम करत असताना तुळशीराम नावाच्या, बोटं झडलेल्या कुष्ठरोग्याला पाहून घाबरून पळाला. मग त्याने भीतीवर मात केली आणि आनंदवन उभं राहिलं. शाळेत ही गोष्ट ऐकताना वाटतं, की पळणं आणि आनंदवन यांच्यामध्ये वीज चमकावी तसं काहीतरी झालं असेल.

तसं झालेलं नाही. मधली पायरी आपण गाळतो, कारण ती सांगायला रंगतदार नाही. ते परत गेले आणि त्या माणसाची शुश्रूषा केली. मग कुष्ठरोगावरचं मिळेल ते वाचलं, रुग्णांमध्ये काम केलं, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन रीतसर शिक्षण घेतलं. म्हणजे भीतीचा त्यांनी अभ्यासक्रम केला. हळूहळू जवळ गेले, हातांना सवय लावली, माहिती वाढवली. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या प्रार्थनेत जी अकरा व्रतं म्हणतात त्यांत 'सर्वत्र भयवर्जन' आहे. ते व्रत आहे, म्हणजे रोज पाळायचं, आज पाळलं म्हणून उद्या सुटका नाही.

मानसशास्त्राचा जुना अनुभवही तोच आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या, तीन वर्षांच्याही आतल्या मुलाची सशाची भीती घालवली. त्याच्या आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या टोकाला ठेवायचा. दुसऱ्या दिवशी थोडा जवळ. असं करत करत शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. यात एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. सशाला न भिणारी मुलंही त्याच्यासोबत खोलीत खेळायला आणली जात, आणि त्यांना पाहूनही तो पुढे सरकत असे. भीती संसर्गाने लागते, तशी ती संसर्गानेच उतरते.

या शहराने ते दोनदा मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. १९२३ चा झेंडा सत्याग्रह नागपुरात झाला. सिव्हिल लाइन्सकडे तिरंगा घेऊन जायला बंदी होती. रोज स्वयंसेवकांची एक तुकडी निघायची, अडवली जायची, पकडली जायची, दुसऱ्या दिवशी पुढची तुकडी. जमनालाल बजाज तुरुंगात गेले तेव्हा वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले. ऑगस्टमध्ये झेंड्याची मिरवणूक त्याच रस्त्याने गेली. मला त्यातली रांग आवडते. कोणालाही एकट्याने इतिहास घडवायला सांगितलं नव्हतं. आज तुमच्या तुकडीचा नंबर, उद्या आमच्या. भीती वाटून घेतली की माणशी किती थोडी उरते, याचा तो हिशेब होता.

आणि १४ ऑक्टोबर १९५६. बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली, आणि मग स्वतः लाखो लोकांना दीक्षा दिली, २२ प्रतिज्ञा त्यांच्याकडून मोठ्याने म्हणून घेतल्या. एखाद्या खेड्यातल्या एकट्या घराने देवाचा कोप आणि गावाचा कोप दोन्ही अंगावर घेऊन पिढ्यानपिढ्यांचं ओझं टाकणं, ही किंमत त्या घराला परवडणारी नव्हती. दीक्षाभूमीवर ती किंमत एका दिवसात लाखोंत वाटली गेली. प्रतिज्ञा मनातल्या मनात म्हणायच्या नव्हत्या, शेजारच्याला ऐकू जायला हव्या होत्या, यात फार मोठं शहाणपण आहे.

अर्थात गर्दीतली सगळीच हिंमत मी डोक्यावर घेणार नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडा घालवायचे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणताना माझाही गळा मोकळा होतो. महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे त्यांच्या नावाचे पुतळे, नाचतात, त्यांच्यावर लिहिलेलं वाचून आपण हसतो. आणि पुढच्या आठवड्यात महापालिकेच्या झोन कार्यालयात त्याच भ्रष्टाचारासमोर खाली मान घालून, "साहेब, जरा बघून घ्या नं" म्हणतो. पुतळ्यावर ओरडायला काहीच किंमत पडत नाही, खिडकीतल्या माणसाकडे पोचपावती मागायला पडते. दुसरी गोष्ट पुतळ्याइतकी स्वस्त होत नाही तोवर मारबत दरवर्षी निघेल आणि पीडा इथेच राहील.

आणि किंमत फार काळ चढीच ठेवली तर काय होतं, तेही नागपूरने पाहिलं आहे. ऑगस्ट २००४ मध्ये कस्तुरबानगरच्या वस्तीतल्या बायकांच्या जमावाने वस्तीला वर्षानुवर्षं छळणाऱ्या एका गुंडाला न्यायालयाच्या आवारातच ठार केलं. तक्रारी करून थकलो, कोणी ऐकलं नाही, असं त्या बायकांचं म्हणणं होतं. त्याला शौर्य म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसं म्हणवत नाही आणि त्या बायकांना दोष द्यायलाही जीभ उचलत नाही. त्यांच्यातली पहिली बाई पहिल्यांदा तक्रार द्यायला गेली असेल, तो दिवस खऱ्या धैर्याचा होता. तेव्हा तिला खुर्ची दिली असती, कागद लिहून घेतला असता आणि ती सुखरूप घरी पोचेल एवढं पाहिलं असतं, तर तो दुसरा दिवस उगवलाच नसता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. सगळीच भीती घालवायची नसते. फुटाळा तलावाच्या रस्त्यावर हेल्मेटशिवाय एका चाकावर गाडी उडवणाऱ्या पोराला भीती शिकवायची गरज आहे. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून ज्यांच्या घरात नाग नदीचं पाणी शिरलं, त्यांच्यातल्या कित्येकांना अजून रात्री पाऊस लागला की झोप येत नाही. त्यांना धीर धरा म्हणणं ही चेष्टा आहे. त्यांची भीती बरोबर आहे, ती माहिती आहे, आणि तिचं उत्तर समुपदेशनात नाही, नदीच्या पात्रात आहे.

पुन्हा आमच्या गल्लीकडे. त्या हळदीनंतर काही महिन्यांनी दुसऱ्या एका घरी तसाच मांडव पडला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात, त्यांनी सव्वादहाला बेल वाजवली. "चला, चपला घाला," म्हणाले. मी विचारलं, "तुम्ही एकटेच का नाही गेलात?" ते म्हणाले, "मलेही भीती वाटते नं बाप्पा." आम्ही दोघं गेलो. फार काही घडलं नाही. पोरांनी आवाज कमी केला, वीस मिनिटांनी परत वाढवला, आम्ही परत गेलो. साडेअकराला बंद झाला. म्हणजे निकाल म्हणाल तर अर्धाच. पण सकाळी दूध घ्यायला गेलो तेव्हा तिथे कोणीही माझ्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही, उलट दोन घरं पलीकडल्या बाई म्हणाल्या, "बरं केलं, माझ्या नातवाची परीक्षा होती." मी ज्या किमतीला इतका भीत होतो, ती कोणी मागितलीच नाही.

त्यानंतर आम्ही आधीच जायला लागलो. मांडव पडला की संध्याकाळीच, चहाच्या वेळेला, आता तिघं. तिसऱ्या त्या बाई. घरात आजारी कोण आहे, परीक्षा कोणाची आहे, ते सांगायचं आणि दहाची वेळ ठरवून यायचं. दर वेळी जमतंच असं नाही. एकाने आम्हाला तोंडावर "मोठे आले" म्हणून घालवलं, तेव्हा मास्तरांनी ११२ लावला, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

मागच्या महिन्यात चौथ्या घरचेच काका पत्रिका घेऊन आले, धाकटीचं लग्न आहे. मास्तर खाली माझ्याकडेच बसले होते. काकांनी आईच्या पाया पडून अक्षता ठेवल्या, चहा घेतला आणि उठता उठता म्हणाले, "हळदीला डीजे सांगितला आहे हो. थोडं सांभाळून घ्या, पोरंसोरं ऐकत नाहीत. साडेदहा-अकरा होईल."

मास्तर काही बोलले नाहीत, माझ्याकडे पाहत राहिले. नंबर माझा होता.

"दहा," मी म्हटलं. आवाज कापला, पण निघाला.